पानशेतचा चिखल

पुणेकराला पानशेत म्हटले की चिखल आठवतो. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले. पूर ओसरला आणि घरोघर उरला तो चिखलच! धरण पुढे नव्याने बांधले. त्याच जलाशयाकाठी परवा मी फुलपाखरे पाहायला गेलो. ओल्या चिखलात सोंडा खुपसून काही नीलवंत बसले होते. २०१५ पासूनचे हे आपले राज्य फुलपाखरू! फुलांच्या मधात मीठ जवळजवळ नसते. म्हणून नर ते चिखलातून शोषतात. कित्येक जातींत मीलनसमयी मादीला हाच आहेर मिळतो आणि पुढे अंड्यांत उतरतो. चिखलातून असा संसार उभा राहतो तर! मला आजी आठवली. तिनेही त्या चिखलातूनच भांडीकुंडी उपसून पुन्हा चूल मांडली होती.