मेव्हण्याला नोटीस
कोगनोळीत हायवेलगत मी भाड्यानं घेतलेल्या गाळ्यात मेव्हण्याचं दुकान होतं. मालकाची लेखी संमती होती. पण भाडं थकलं तर मालक मलाच धरणार. मुलाला गाळा लागणार होता. ही म्हणाली, "माझ्या भावालाच नोटीस?" महिनेवार भाडं असेल आणि वेगळा करार नसेल, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा १५ दिवसांची लेखी नोटीस सांगतो. मी तीन महिने दिले, कागद स्वतः नेऊन दिला. किल्ली घेतानाच अनामतीचा चेक हातात ठेवला. बँकेतल्या नोकरीत पाहिलंय, तोंडी व्यवहारात पैशाआधी नातं बुडतं. दोन दिवाळ्या मेव्हणा फिरकला नाही. यंदा गणपतीत आरतीला आला, जेवून गेला. गाळ्याचा विषय कुणीच काढला नाही.