खारट भाचा

चंद्रपूरच्या माणसाला घामाबद्दल कुणी काही शिकवू नये. मे महिन्यात पारा ४७च्या पुढे गेला, की आमच्या शाखेत नोटा मोजायला ओल्या स्पंजची गरज उरत नाही. पण घामातल्या मिठाचा हिशेब मात्र माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला भाच्यानं शिकवला.

तो लहान असताना आई त्याचा पापा घेऊन म्हणायची, "हे पोट्टं खारट लागते गा!" आम्ही हसायचो. पोराला बारमाही खोकला, खाणं पैलवानाचं आणि अंगावर मांस नाही. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचा घाम तपासला. क्लोराइडचा आकडा ६०च्या वर गेला की शंका पक्की. याचा शंभराच्या वर! आजाराचं नाव, सिस्टिक फायब्रोसिस. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली आणि असली मुलं मीठ गमावून आडवी पडली, तेव्हा कुठं तिथल्या डॉक्टरांचं लक्ष घामाकडं गेलं. माझ्या आईला लाटबीट लागली नाही.

हा आजार जोडखात्यासारखा आहे. आई आणि बाप, दोघांच्या सह्या लागतात. एकाचीच सही असेल तर मूल नुसतं वाहक. इथं दोन्ही सह्या जुळल्या. छातीत कफ चिकट, स्वादुपिंडाच्या नळ्या बंद, म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर पाचक कॅप्सुला. शिवाय उन्हाळ्यात जादा मीठ.

डॉक्टरांनी वर्षं सांगितली नाहीत, बहिणीनं विचारली नाहीत. फक्त त्याच्या नावाची मुदत ठेव ती दर वेळी एकाच वर्षाची ठेवायची. व्याज कमी मिळतं, असं मी एकदाच म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि पुढं दरवर्षी मी मुकाट्यानं फॉर्म भरत आलो.

तर असा हा भाचा एकोणीस वर्षांचा झाला आणि त्याच्या तोंडावर मुरमं आली. साधीसुधी नव्हेत, गाठींची. आम्ही सगळे त्याच्या फुफ्फुसांकडं बघत होतो, आणि तो आरशात! मी मुलतानी माती सुचवली. तो म्हणाला, "मामा, तुम्ही काय बोलून राहिले!"

त्वचेच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन काढली. ही गोळी अमेरिकेत १९८२ साली मंजूर झाली. त्याच साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. गोळीनं आपलं काम चोख केलं. जिल्ह्याबद्दल नोकरदार माणसानं बोलू नये.

पण गोळी अ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातली, आणि भाचा ते जीवनसत्त्व आधीच वरून घेणारा. गोळीमुळं यकृतावर नजर ठेवावी लागते, आणि या आजारातही ठेवावीच लागते. म्हणजे एकाच खात्यावर दोन बोजे! तेव्हा छातीचे डॉक्टर आणि त्वचेचे डॉक्टर फोनवर बोलले, रक्तातलं जीवनसत्त्व मोजलं, मात्रा लहान ठरली, दरमहा रक्ततपासणी ठरली. मला फार बरं वाटलं. आमच्याकडंही मोठी रक्कम दोन सह्यांशिवाय सुटत नाही.

गोळी स्निग्ध जेवणाबरोबरच अंगी लागते. म्हणून वडाभातावर तेल, ते तेल पचायला कॅप्सुला, आणि मग गोळी. व्हाउचरला व्हाउचर जोडावं तसं. माझ्या मुलीनं स्वतःसाठी एक गोळी मागितली, तेव्हा भाच्यानंच डबा उचलून कुलपात ठेवला. ही गोळी चालू असताना दिवस गेले तर गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं, हे त्याला पाठ होतं.

ओठ फुटले. उन्हात जायची बंदी झाली. त्याची मात्र अडचण नव्हती. मे महिन्यात अख्खं चंद्रपूर तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं. ग्राहक कोण आणि दरोडेखोर कोण, हे आमच्या वॉचमनलाही कळत नाही.

एका रात्री त्यानं आईला विचारलं, "हे डाग कायमचे राहतील का?"

पुढच्या सोमवारी बहीण गडचिरोलीहून बसनं आली आणि थेट माझ्या काउंटरवर उभी राहिली.

"दादा, या वेळी पाच वर्षांची ठेव कर."

मी फॉर्म काढला. पेन चालेना. दुसरं घेतलं. मग घसा साफ करून म्हणालो, "नवा फोटो लागेल त्याचा."

मागून दुपट्ट्यातून आवाज आला, "मामा, फोटो दोन महिन्यांनी देतो ना. चेहरा साफ होऊन राहिला."

नियमात बसत नव्हतं. मी रकान्यात लिहिलं : फोटो येणे बाकी.