घर पाहावे बांधून

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात संयुक्त क्रियापदाचे उदाहरण म्हणून कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. लिहून पाहिले, चाखून पाहिले, तसे बांधून पाहिले. 'पाहणे' या सहायक क्रियापदात प्रयोगाचा अर्थ आहे, असे मुलांना सांगायचे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे. व्याकरण बिनचूक आहे. पण चाखून पाहिलेली आमटी बिघडली तर दुसरी करता येते. नोकरदार माणसाला दुसरे घर करता येत नाही. शिवाय त्याच्या प्रयोगाचा निकाल लागतो तो वास्तुशांतीच्या दिवशी नाही, तर पहिल्या आषाढात.

गेली चार वर्षे आम्ही दोघे, मराठीचेच अध्यापक, मालवणजवळच्या खाडीकाठच्या आमच्या गावात घर बांधण्याच्या खटपटीत आहोत. जुन्या घराचे वासे वाळवीने पोखरले आहेत, पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागतात, आणि त्या घरात आई राहते. नात्याने ती एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. हाक मात्र दोघांचीही 'आये'. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. या चार वर्षांत स्वतःचा एक चिराही न बसवता आम्ही दुसऱ्यांची घरे पुष्कळ पाहिली. बांधून झालेली, अर्धवट राहिलेली, आणि बांधल्याचा पस्तावा झालेली. त्यांतून जे उमगले ते येथे मांडत आहोत. विषय साहित्याचा नाही अशी शंका वाचकांना येईल. ती त्यांनी थोडा वेळ बाजूला ठेवावी.

कोकणातल्या घरांचे बहुतेक घोटाळे मे महिन्यात जन्माला येतात. चाकरमानी मुंबईहून येतो तो मे महिन्यात, जागा पाहतो ती मे महिन्यात, आणि वहीच्या कागदावर नकाशा काढतो तोही मे महिन्यातच, आंब्याच्या सावलीत बसून. त्या वेळी जमीन कोरडी ठणठणीत असते आणि जागेच्या कडेची खोलगट पट्टी केवळ पालापाचोळ्याने भरलेली दिसते. तो व्हाळ असतो, हे जुलैत कळते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शेजारच्या वाडीत एका निवृत्त गृहस्थांनी अशी पट्टी भर घालून सपाट केली व तिच्यावर स्वयंपाकघर आणले. पहिल्याच पावसात ओट्याखालून झरा फुटला. आमचे मेस्त्री तेव्हा म्हणाले, "पावसाक वाट देवक व्हयी. तुमी नाय दिल्यात तर तो आपली काढतलो." आम्ही जागा तीन पावसाळे पाहिली. आईला ते वेळकाढूपणाचे वाटले, आणि तिचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असेही नाही.

जमिनीचे पाणी दिसते तरी. जमिनीचे कागद त्याहून गहन. येथे सातबारावर एकट्याचे नाव असणे हे भाग्य समजावे. आमच्या जागेच्या उताऱ्यावर सतरा नावे आहेत. त्यांतली काही माणसे हयात नाहीत आणि काहींनी गाव पाहिलेलेही नाही. घर कोणत्या कोपऱ्यात बांधायचे हे सर्वांना तोंडी मान्य असते, पण कागदावर सही करायची वेळ आली की प्रत्येकाला आजोबांचा शब्द आठवतो, आणि प्रत्येकाचा शब्द वेगळा. एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' शिकवताना आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी लाल जांभ्याचे घर येते, कारण इकडे चिरा म्हणजे जांभाच. नाटकातला वाडा विदर्भातला आहे हे सांगावे लागते. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर मात्र कोणालाच समजावून द्यावा लागत नाही. सामायिक मालमत्तेचे ते चित्र त्यांच्या घरचेच असते.

वाटेचीही अशीच गोष्ट. पिढ्यान् पिढ्या ज्या पायवाटेने आपण गेलो ती शेजाऱ्याच्या माडांतून जाते, आणि चिऱ्यांचा ट्रक दाराशी न्यायची वेळ आली की तिची नोंद कोठेही नसल्याचे कळते. डोक्यावरून चिरे वाहण्याची मजुरी चिऱ्यांच्या किमतीच्या बरोबरीस येते. समुद्राकाठी याशिवाय भरतीरेषेचे नियम आहेत. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध आणले; २०११ आणि २०१९ मध्ये त्या जागी नव्या अधिसूचना आल्या. खाडीकाठालाही हे नियम लागतात, अंतराचा हिशेब तेवढा वेगळा. 'गावात कोण विचारतो' या भरवशावर जोते उभारणारे आजही भेटतात. त्यांना विचारणारा भेटतो तो बहुधा जोते पूर्ण झाल्यावर.

पण आमचा खरा वाद आहे तो छपराशी.

गेल्या काही दशकांत सपाट स्लॅब हे येथे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. कौलारू घर म्हणजे गरिबी, स्लॅब म्हणजे बंगला. तो बंगला काही वर्षांत गळू लागतो. मग त्यावर डांबर, रसायने, पुन्हा डांबर. शेवटी लोखंडी खांब उभे करून त्यावर पत्र्याची शेड. आज मालवणहून वेंगुर्ल्याकडे जाताना डोक्यावर पत्रा धरून उभे असलेले असे बंगले ओळीने दिसतात. एका घरासाठी दोन छपरांचे पैसे मोजायचे, आणि तरी उतरत्या छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडण्याचा लाभ नाहीच. जांभा सच्छिद्र असतो. तिरप्या सरींनी भिजलेली भिंत आतून महिनोन् महिने ओली राहते. जुनी माणसे छपराची वळचण खाली, जवळजवळ डोक्याला लागेल इतकी, उतरवीत आणि पावसाच्या तोंडाला चुडतांचे झाप बांधीत. वाकून घरात शिरणे हा त्या घरांचा दोष मानला जातो. ती वळचण भिंतीची छत्री होती.

कौलांचे गोडवे गाताना खरे ते सांगितले पाहिजे. ज्याला आपण देशी समजतो ते मंगळुरी कौल जर्मन-स्विस मिशनऱ्यांचे. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना काढला. म्हणजे आमची परंपराही फार जुनी नाही. दुसरे म्हणजे माकडे. नारळ-आंब्यांवरून छपरावर उड्या मारणाऱ्या टोळीने एका सकाळीत पन्नास कौले फोडल्यावर स्लॅबचा विचार कोणाच्याही मनात येईल, आणि त्यात मूर्खपणा काही नाही. तरीही २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते वादळ आम्ही पाहिले. ज्यांची कौले उडाली ते चार-आठ दिवसांत पुन्हा छपराखाली आले. ज्यांचे पत्रे सांगाड्यासकट उचलले गेले त्यांना ते दुसऱ्याच्या बागेतून वाकडे झालेले आणावे लागले. जे मोडले असता गावातल्या गावात दुरुस्त होते ते बांधकाम चांगले, एवढीच आमची कसोटी आहे.

खाऱ्या हवेला लोखंड आवडते. खाडीतली खारी वाळू न धुता वापरली तर सळीचा गंज काँक्रीटच्या आतूनच सुरू होतो. सळी फुगते आणि छताचे पापुद्रे ताटात पडू लागतात. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या कारणांची पुष्कळ चर्चा झाली आणि तीत गंजलेल्या नट-बोल्टांचा उल्लेख वारंवार आला. समोर पाण्यात १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग उभा आहे. दोहोंची तुलना करून टाळ्या मिळवण्याचा आमचा हेतू नाही. पण या किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याने त्या दोन्ही जागी उभे राहून यावे, असे आम्हांला वाटते.

दराविषयी थोडक्यात. चौरस फुटाचा जो आकडा ठेकेदार सांगतो त्यात विहीर, गडगा, मलकुंड, विजेचा खांब, पाण्याची टाकी यांपैकी काहीही नसते. विहीर आणि मलकुंड तर एकमेकांना विचारूनच ठरवावीत, कारण जांभ्यातून पाणी फार लांब झिरपते. आणि काम दिवाळीनंतर लगेच सुरू झाले नाही तर ते वर्ष सोडून द्यावे; मृगापूर्वी छप्पर न चढलेल्या भिंतींची दशा पाहवत नाही.

शहरातून आलेल्या आमच्या पहिल्या नकाशावर 'हॉल', 'किचन', 'मास्टर बेडरूम' आणि 'सिटआउट' अशी नावे होती. भाषेचे शिक्षक म्हणून आम्हांला त्यांचा राग यायला हवा होता; आला तो वेगळ्या कारणाने. खळे, लोटा, पडवी, माजघर, मागील दार हे शब्द उंबऱ्याबाहेरून आत येण्याच्या पायऱ्या आहेत. खळ्यात कोणीही येतो, लोट्यावर ओळखीचा बसतो, माजघरात आपला. नकाशात पहिले चार शब्द पुसले की दार उघडताच परका माणूस थेट दूरदर्शनसंचासमोर येतो, आणि मग दार लावून घेण्याची सवय लागते. पुढे भाताची कणसे, कोकमाची सोले, ओले कपडे, लाकडे यांना जागा राहत नाही; चतुर्थीला तर गंमतच होते. गणपतीची भिंत कोणती आणि माटवी कोठे टांगायची, हे त्या नकाशाला माहीतच नव्हते. भजनाला वीस-पंचवीस माणसे येतात, मृदंग येतो, मागून काळ्या वाटाण्यांची उसळ वाढायची असते. बारा बाय दहाच्या हॉलात सोफा ठेवून हे होत नाही. गावात अशी दोन-तीन नवी घरे आहेत की जेथे भजन आता पाच मिनिटांत आटोपते.

दुसरा, तिसरा, चौथा नकाशा झाला. जोत्यावरून घरात भांडण झाले. मेस्त्री तीन फुटांच्या खाली यायला तयार नव्हते, खाडीचे पाणी आणि पावसाचे शिंतोडे दोन्ही लक्षात घेता त्यांचे बरोबर होते. आईचा गुडघा वीतभर उंचीची पायरी चढत नाही, तेही खरे होते. शेवटी मागील दाराने एक लांब उतार काढला. त्यासाठी फणस तोडावा लागेल. फणस आईच्या सासऱ्यांनी लावलेला. तिला विचारले तेव्हा ती काही बोलली नाही, आणि त्या न बोलण्याला आम्ही संमती धरले आहे.

पाचवा नकाशा आम्ही तिच्यासमोर जमिनीवर पसरला. तिला अक्षरे येत नाहीत, रेषा मात्र येतात. जन्मभर खळ्यात रांगोळी घातली आहे. तिने बोट पुढल्या दारातून आत आणले, माजघरापाशी काटकोनात वळणाऱ्या अरुंद बोळातून आपल्या खोलीपर्यंत नेले आणि मग तेच बोट परत फिरवताना बोळाच्या वळणावर थांबवले. "माका भायर खंयसून काढतलात?" ती म्हणाली. "ह्या वळणार चौघे अडकतले."

तिच्या स्वरात दुःख नव्हते. तांदूळ किती शिजवायचे हे विचारावे तसा तो प्रश्न होता. जुन्या घरातून तिने सासूला, सासऱ्याला, नवऱ्याला आणि एका दिराला बाहेर पडताना पाहिले आहे. प्रत्येक वेळी लोट्याचे रुंद दार पुरेसे पडले. आम्ही ज्या ज्या तज्ज्ञांना भेटलो त्यांपैकी कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता, आणि शवविच्छेदनासारख्या तपशिलाने कथा-कादंबऱ्या उलगडणाऱ्या आम्हांलाही तो सुचला नव्हता.

सहाव्या नकाशात बोळ नाही. आईच्या खोलीचे दार चार फुटांचे झाले असून ते माजघर, लोटा आणि खळे यांच्याशी एका सरळ रेषेत आले आहे. त्यापायी कपाटाची भिंत गेली आणि आमची पुस्तके माळ्यावर जातील. मुंबईच्या चुलतभावाची सही अजून यायची आहे. चिरे मात्र खाणीवरून आणून गडग्यालगत रचले आहेत. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो, म्हणून मेस्त्रींनी त्यांना हा एक पाऊस खाऊ द्यायला सांगितले आहे. आई संध्याकाळी पडवीत बसून ते मोजते. तिच्या मोजणीत दोन कमी भरतात.