कुर्डुवाडीला गाडी बदला

आमच्या लग्नानंतरचा पहिला प्रवास लातूर ते पुणे असा झाला. त्या प्रवासातली एकच गोष्ट मला आजही लख्ख आठवते, ती म्हणजे कुर्डुवाडीचा फलाट. साल १९९१. सासऱ्यांनी दिलेली एक लोखंडी पेटी, दोन वळकट्या, आणि सासूबाईंनी आपल्या हातांनी दादरा बांधून दिलेली लोणच्याची बरणी एवढा संसार बरोबर होता. लातूरहून निघालेली छोटी गाडी कुर्डुवाडीला येऊन थांबली आणि सारा डबा उठून उभा राहिला. पुढे जायचे तर गाडी बदलणे भाग होते. लातूरचे रूळ अडीच फुटांचे, मुंबई-सोलापूरचे साडेपाच फुटांचे. ह्या रुळांवरचे चाक त्या रुळांवर कसे बसणार? हमालाने पेटी डोक्यावर घेतली, वळकट्या मी घेतल्या, आणि बरणी सौभाग्यवतींनी कोणाच्याही हाती न देता पोटाशी धरून दुसऱ्या गाडीत नेली.

मी नांदेडचा. आमच्या गावाला त्या वेळी मीटरगेज होते. म्हणजे माहेर अडीच फुटांवर, सासर सव्वातीन फुटांवर, आणि पुणे-मुंबई साडेपाच फुटांवर. तिघांनाही आम्ही 'रेल्वे' असेच म्हणत होतो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते. नाव एक असले म्हणजे वस्तूही एकच असते, ही समजूत माणसाच्या मनात फार खोल रुजलेली असावी. त्या समजुतीपायी मी पुढे एक चूक केली. तीच आज सांगणार आहे.

माझा व्यवसाय संगणकाचा. नांदेडला एका संस्थेत मी संगणकांची देखभाल करीत असे. संगणकाच्या पोटात जो खरा कारभारी बसलेला असतो त्याच्याशी तुम्हांआम्हांला थेट बोलता येत नाही. देवडीवर एक कारकून असतो. आपण आज्ञा लिहायची, त्याने ती वाचायची आणि आत पोचवायची. ह्या कारकुनाला 'शेल' म्हणतात. शेल म्हणजे कवच; नारळाची करवंटी म्हणा. रोज त्याच त्या आज्ञा लिहिण्याचा कंटाळा आला की त्या एका फाइलीत ओळीने लिहून ठेवता येतात. घरातली बाई गावाला जाताना 'दूध तापवावे, मांजर बाहेर काढावे, मग दाराला कडी लावावी' अशी चिठ्ठी लिहून ठेवते ना, तसेच हे. ह्या चिठ्ठीला म्हणतात 'शेल स्क्रिप्ट'.

गंमत अशी की हा कारकून एकच नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन बोर्न नावाच्या गृहस्थांनी लिहिलेला शेल १९७९ साली बाहेर आला. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय ह्यांचा 'सी शेल' तयार होत होता. १९८३ साली डेव्हिड कॉर्न ह्यांचा आला. १९८९ साली ब्रायन फॉक्स ह्यांनी 'बॅश' आणला; त्याच्या नावात बोर्न ह्यांचा पुनर्जन्म झाल्याची कोटी आहे. १९९० साली पॉल फॉल्स्टॅड नावाच्या विद्यार्थ्याने 'झेड शेल' लिहिला. ही सगळी भावंडेच. चेहरेपट्टी सारखी, आवाजही सारखा. पण प्रत्येकाच्या काही खोडी वेगळ्या. आणि ह्यातला देवडीवर बसलेला कोणीही असला, तरी त्याच्या खुर्चीवरची पाटी बहुधा एकच असते: 'एसएच'.

माझा मेहुणा लातूरला एका शाळेत कंत्राटी नोकरीवर आहे. शाळा जुनी, निजामाच्या अमदानीतली. तिचे दाखल-खारीज रजिस्टर संगणकावर उतरवण्याचे काम त्याच्याकडे आले. १९४८पूर्वीची पाने उर्दूत, तीही शिकस्ता वळणाची. अक्षर म्हणजे वाऱ्याने वाकलेले गवत. साल फसली, त्यात ५९० मिळवावे तेव्हा इसवी सन हाती येतो, तोही एखादे वर्ष मागेपुढे. ही पाने वाचायला त्याला एक वृद्ध उर्दू मास्तर मिळाले. एक हिवाळाभर ते रोज दुपारी शाळेत येत, चष्मा कपाळावर सारून पान डोळ्यांशी धरीत आणि वाचून दाखवीत; हा टंकीत असे. मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव, धंदा, जन्मतारीख. त्या उन्हाळ्यात मास्तर वारले.

२०१९च्या जुलैत आम्ही लातूरला गेलो असता मेहुण्याने मला ते काम दाखवले. मी म्हणालो, "अरे, ह्याची नक्कल ठेवतोस की नाही?"

"ठेवतो की, दाजी. आठवण झाली की ठेवतो."

मी त्याला चांगलेच फैलावर घेतले, आणि मोठ्या थाटात माझ्या नांदेडच्या संगणकावरची चिठ्ठी त्याच्या संगणकावर चढवली. चिठ्ठीचा आशय सोपा होता: रोज रात्री जागे व्हावे, रविवार असेल तर सगळ्या फाइलींची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर करावी, नसेल तर त्या दिवशी बदललेल्या फाइलींचीच करावी, शेवटी 'काम झाले' अशी नोंद लिहून झोपी जावे. नांदेडला ती सहा वर्षे बिनतक्रार चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तो 'काम झाले' ही नोंद हजर. ते शब्द मी त्याला बोट ठेवून दाखवले. परतीच्या एस.टी.त चाकूर, अहमदपूर, लोहा मागे पडत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

दिवाळीला आठ दिवस उरले असता फोन आला. संगणकाची डिस्क जळाली होती. मी म्हणालो, "घाबरू नकोस. रविवारची नक्कल उघड."

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दाजी, रविवारची नक्कल एकही नाही."

मला ते खरे वाटेना. धनत्रयोदशीला फराळाचे डबे घेऊन आम्ही लातूरला निघालो ते माझे डोके त्या चिठ्ठीतच अडकलेले. जाऊन पाहिले. रोजच्या नकला होत्या. जुलैनंतर ज्या फाइलींना हात लागला त्या सगळ्या सुखरूप होत्या. पण उर्दू पानांचे काम त्याआधीच पुरे झालेले. त्या फाइली जुलैनंतर कधी बदललेल्याच नाहीत. त्या फक्त रविवारच्या पूर्ण नकलेत यायच्या, आणि रविवार त्या संगणकावर कधी उगवलाच नव्हता.

दोष कशाचा, तर एका चिन्हाचा. 'आजचा वार रविवार आहे काय' असे विचारताना मी बरोबरीचे चिन्ह दोनदा लिहिले होते, '==' असे. नांदेडच्या संगणकावर 'एसएच'च्या पाटीमागे बॅश बसला होता. तो मोठ्या मनाचा. एक चिन्ह लिहा, दोन लिहा, समजून घेतो. मेहुण्याच्या संगणकावर उबुंटू होते. त्यांनी २००६ सालीच त्या खुर्चीवर 'डॅश' नावाचा सडपातळ, चपळ कारकून बसवला आहे, कारण तो काम लवकर उरकतो. पण त्याला नियमापलीकडचे काही कळत नाही. त्याला '=' ठाऊक; '==' पाहताच तो 'हे चिन्ह अनपेक्षित आहे' अशी कुरकूर करी, आणि उत्तर 'नाही' असे धरून पुढे जाई. म्हणजे रविवारीही तो 'रविवार नव्हे' ह्या वाटेने जाई आणि शेवटी मीच लिहून दिल्याप्रमाणे 'काम झाले' अशी नोंद करी. त्याची कुरकूर दुसऱ्या एका फाइलीत साठत होती. ती फाइल उघडण्याची तसदी मी घेतली नव्हती. पहिल्या दिवशी पाहिली असती, तर पहिल्याच ओळीत होती.

त्या रात्री अंगणात पणत्या लागल्या होत्या. मेहुणा मला एका शब्दानेही काही बोलला नाही. त्याची नेमणूक मार्चमध्ये संपणार होती, आणि पुढची मिळणे ह्या कामावर अवलंबून होते. सौभाग्यवती मात्र करंज्यांचे ताट पुढे ठेवता ठेवता म्हणाली, "आपलं नाणं दुसऱ्या गावात चालतं का, ते आधी विचारायचं असतं."

हे वाक्य तिचे नव्हे, माझ्याच आजोबांचे. आजोबा हैदराबाद संस्थानातले. त्यांच्या तरुणपणी लातूरच्या बाजारात हाली रुपया चाले. बार्शी इंग्रजी मुलखात, तिथे कलदार. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार मिळत. दोघांचे नाव रुपयाच. आजोबा सांगत, "कोणी दहा रुपये भाव सांगितला, की आधी विचारावं, कोणते? भाव मग करावा." मी तो किस्सा घरात शंभरदा सांगितला असेल. चिठ्ठी लिहिताना मात्र मला तो आठवला नाही.

पाडव्यानंतर मी ती चिठ्ठी पुन्हा लिहायला बसलो. ह्या कामात दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. चिठ्ठी बॅशच्याच बोलीत लिहायची असेल, तर पहिल्या ओळीत बॅशचे नाव स्पष्ट लिहावे. तो नसला तर काम सुरूच होणार नाही, पण फसगतही होणार नाही. आणि चिठ्ठी सगळीकडे चालावी असे वाटत असेल, तर सर्वांना समजते तेवढेच लिहावे. हे 'सर्वांना समजते तेवढे' किती, ते १९९२ साली एका मानकाने ठरवून दिले आहे. 'पॉझिक्स' हे त्या मानकांच्या मालेचे नाव. त्यात बरोबरीचे चिन्ह एकच. दुहेरी चौकटी कंस नाहीत. याद्या ठेवण्याची सोय नाही, आणि ते बरेच. कारण बॅश यादी शून्यापासून मोजतो, तर झेड शेल एकापासून. दुसरी फाइल आत घेण्यासाठी 'सोर्स' हा शब्द नाही, नुसता एक टिंब. 'इको' ही आज्ञा वरवर गरीब दिसते, पण उलट्या तिरक्या रेघेचा अर्थ ती एका घरी एक लावते, दुसऱ्या घरी दुसरा. त्यापेक्षा 'प्रिंटएफ' बरी. आणि कोणत्याही नावाची किंमत वापरताना ती अवतरणात गुंडाळावी. नाहीतर आत मोकळी जागा असली की एक कारकून त्याचे दोन तुकडे करतो, तर दुसरा करीत नाही.

हे सारे पाळून लिहिलेली चिठ्ठी दिसायला अगदी साधी झाली. माझ्या सगळ्या आवडत्या करामती गळाल्या. त्यांच्या जागी दोनच गोष्टी नव्या आल्या. कुरकूर झाली की तिथेच थांबावे, 'काम झाले' लिहू नये. आणि दर महिन्याला एका नकलेतून फाइली खरोखर परत काढून पाहाव्यात. ही चिठ्ठी मी बॅशकडून वाचून घेतली, डॅशकडून वाचून घेतली, आणि मगच लातूरला पाठवली.

पण गेलेली पाने चिठ्ठीने कशी परत यावीत? रजिस्टर शाळेबाहेर नेता येत नव्हते. मेहुण्याने एकेका पानाचे छायाचित्र काढून मला पाठवले. नांदेडला, गोदावरीच्या बाजूच्या एका जुन्या मोहल्ल्यात, मला एक निवृत्त शिक्षक भेटले. तेही उर्दूचेच. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाई. ते पान मोठे करून पाहत, वाचत; मी टंकीत असे. मध्येच थांबून म्हणत, "हा हात माझ्या उस्तादांसारखा आहे." कधी चहा येई, कधी शीरखुर्मा. दिवाळीत सुरू केलेले काम संक्रांतीला संपले. अकरा नोंदी मात्र त्यांनाही लागल्या नाहीत. "वाचणारा त्या गावचा हवा," ते म्हणाले. "गावांची नावं मला ठाऊक नाहीत, अक्षरावरून फक्त अंदाज होतो, आणि अंदाज मी लिहून देणार नाही." लातूरच्या मास्तरांनी त्या नोंदी वाचल्या होत्या. त्या अकरा मुलांच्या गावांची जागा आमच्या फाइलीत आजही कोरी आहे. २०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी येऊ लागली, तेव्हा त्या कोऱ्या जागा मला फार टोचल्या.

मेहुण्याची नेमणूक पुढे चालू राहिली. गेल्या वर्षी शाळेला कोणी एक जुना मॅक संगणक दिला; त्याच्या देवडीवर झेड शेल. मेहुण्याने मला न विचारताच चिठ्ठी त्यावर चढवली, आणि आठ दिवसांनी फोन केला. मी विचारले, "काम झाले म्हणते का?"

"ते सोडा, दाजी," तो म्हणाला. "मी डिस्क काढून ठेवली आणि नकलेतून सगळं परत उभं केलं. मग तुम्हांला फोन केला."

आता लातूरचे रूळही साडेपाच फुटांचे झाले आहेत. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूर तहानलेले असताना मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती कुर्डुवाडीवरूनच आली, आणि तिथे पाणी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत ओतावे लागले नाही. त्या दिवशी सौभाग्यवती दूरदर्शनसमोर बसून होती. गाडी लातुरात शिरताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "कुर्डुवाडीला उतरावं लागलं नाही बघा." लोणच्याची ती बरणी अजून आमच्या फडताळात आहे. तिचा कान तेवढा उडाला आहे. पण तो नांदेडला, आमच्याच घरी.