बांधण्याआधी विचारलेले बरे

गावात घर वाढवायचे म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो: "बांधून टाका, मग बघू." एकदा स्लॅब पडला की कोण पाडायला येतो? सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण अशा घरात राहणाऱ्याला पुढे कर्ज काढायचे असते, वाटणी करायची असते आणि शेजाऱ्याच्या तोंडाकडे रोज बघायचे असते.

तिसगावातले आमचे घर जुने, माळवदाचे. मुलाचे लग्न ठरले तेव्हा वर एक खोली काढायची असे घरात ठरले. जागा सगळी मिळून ७२० चौरस फूट. मी आधी नियम समजून घेतले, कारण शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचे आणि घरी ते गुंडाळून ठेवायचे, हे जमत नाही.

नियम वाटतो तितका जाचक नाही. २०२१ च्या सुरुवातीला तत्कालीन ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागासाठी सवलत जाहीर केली. १६०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवर घर बांधायचे तर वेगळ्या परवानगीसाठी थांबावे लागत नाही. मालकीची कागदपत्रे, मोजणीचा आणि बांधकामाचा नकाशा, तो नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला, एवढे ग्रामपंचायतीत द्यायचे आणि शुल्क भरायचे. त्यापुढे ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीचा दाखला लागतो. त्याहून मोठ्या बांधकामालाच नगररचना खात्याकडे जावे लागते. म्हणजे आमच्यासारख्यांची अडचण परवानगीची नाही. अडचण त्या यादीतल्या पहिल्याच ओळीत आहे, मालकीची कागदपत्रे!

आमचा नमुना नंबर ८ चा उतारा अब्बांच्या नावावर होता. अब्बांना जाऊन काही वर्षे झाली होती. मुळात हा उतारा करआकारणीचा. घरपट्टी कोण भरतो ते त्यावरून कळते, मालकी त्याने सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घरांना मालकीचा पक्का कागद मिळावा म्हणूनच ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम चालू झाले. आपल्या राज्यात त्याची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावापासून झाली आणि २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर झाली. पण पत्रिकेवर नाव कुणाचे लावायचे, हे ड्रोन सांगत नाही. ते घरातल्यांनीच सांगायचे असते.

वारस नोंदीचा विषय निघाला तेव्हा जो तो म्हणाला, "बहिणीकडून हक्कसोड पत्र घेऊन टाका, झंझट मिटेल." आपा शेवगावला असते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिने नाही म्हटले नसते, हे सगळ्यांना ठाऊक होते. नेमकी तीच गोष्ट मला टोचत होती.

हिशोब अगदी सरळ आहे. वारस तीन: अम्मी, आपा आणि मी. सूरह निसामध्ये हिस्से नेमून दिलेले आहेत. मूलबाळ असताना पत्नीला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. घराचे २४ भाग केले तर अम्मीचे ३, माझे १४ आणि आपाचे ७. एका भागाला ३० चौरस फूट. म्हणजे अम्मीचे ९०, माझे ४२० आणि आपाचे २१० चौरस फूट. नमाज-रोजात आपण बारीकसारीक मसले विचारतो, आणि बहिणीचे २१० चौरस फूट मात्र एका सहीत उडवून टाकतो. वर म्हणतो, "तिने खुशीने सोडले." खुशी होती की माहेर तुटण्याची भीती, हे तिला कुणी विचारलेले नसते.

मी आणि माझी पत्नी शेवगावला गेलो. हक्कसोडाचा कागद सोबत नेला नव्हता. आपाला आकडे सांगितले आणि विचारले, "तुझ्या मनात काय आहे? पैसे हवेत तर किंमत काढू, नाव हवे तर नाव लावू." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैसे नकोत. माझे नाव राहू दे. तुझी खोली तू बांध, त्याला माझी ना नाही. पण उताऱ्यावर अब्बांच्या खाली मीही दिसले पाहिजे." तसेच केले. अम्मी, आपा आणि मी अशी तिघांची नावे लागली आणि बांधकामाला दोघींनी लेखी संमती दिली. शेवगावहून परतताना पत्नी म्हणाली, "आज पहिल्यांदा आपांनी मला स्वयंपाकघरात नेऊन डबा भरून दिला."

एवढे झाल्यावर अभियंत्याने नकाशा काढला. खोलीची मोठी खिडकी मागच्या बाजूला, आमच्याच परसाकडे उघडणारी. कागदावर त्यात काही चूक नव्हती. पण परसाच्या भिंतीपलीकडे अक्कांचे अंगण आहे. अक्का सत्तरीच्या पुढच्या, घरात एकट्या. मी नकाशा त्यांना दाखवायला नेला. नकाशातले त्यांना काही कळले नाही, पण बोट बरोबर खिडकीवर ठेवले.

"गुरुजी, खोली बांधा. पोराचं लगीन हाय, बांधायलाच पायजे. पण माझ्या न्हाणीवर छप्पर न्हाई."

या वाक्याला कुठल्या नियमावलीत उत्तर नव्हते. पण आपल्याकडे ते फार आधीच शोधून ठेवलेले आहे. शेजाऱ्याने भिंतीत तुळई बसवायची म्हटली तर अडवू नये, ही शिकवण प्रेषित मुहंमद (स.) यांनी दिली. आणि कुणाला त्रास द्यायचा नाही, हा दंडकही घालून दिला. या दोहोंच्या मध्ये घरे कशी बांधायची, यावर फकीहांनी शेकडो वर्षे विचार केला. चौदाव्या शतकात ट्यूनिसमधल्या इब्न अर-रामी या गवंड्याने भिंती, खिडक्या, गटारे यांच्या तंट्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्याने 'मजल्ला' हा कायदा तयार केला. त्यात बायकांचा वावर असलेले अंगण, स्वयंपाकघर, विहीर दुसऱ्याच्या खिडकीतून दिसणे ही मोठी इजा मानली आहे. दिसू नये असा आडोसा करणे खिडकीवाल्याचे काम. मात्र खिडकी पुरुषभर उंचीच्या वर असेल, तर तो शिडी लावून बघेल या संशयाने ती बंद करायला लावता येत नाही.

मी अभियंत्याला म्हटले, मोठी खिडकी रस्त्याच्या अंगाला घ्या आणि मागे सहा फुटांवर फक्त हवेपुरता झरोका ठेवा. उन्हाळ्यात खोली थोडी तापते, हे खरे. सून तक्रार करते, तेव्हा मी पंखा दाखवतो.

माझी मुलगी पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. तिथे गॅलरीला जाळी लावायची तरी सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. ती कधीकधी वैतागते, "घर आमचे, विचारायचे दुसऱ्याला!" मी तिला सांगतो, एका भिंतीला दोन बाजू असतात. शहरात दुसरी बाजू समिती सांभाळते. गावात समिती नाही, म्हणून ती आपल्यालाच सांभाळावी लागते.

या वर्षी तुमच्यापैकी कुणी घर वाढवणार असेल, तर विटांचा भाव काढण्याआधी उतारा काढून बघा. त्यावर कुणाकुणाचे नाव असायला हवे, ते २४ भागांत मांडून पाहा. आणि मग नकाशा घेऊन शेजारी जा. चहा मिळेल, आणि कदाचित एखादी खिडकी सरकवावी लागेल.