सिअगुतणिकेचे लेणे

वसतिगृहाला सुटी लागल्यावर मुलांना घेऊन चाकणला परतताना, आधी काहीही ठरलेले नसता, आम्ही देहूरोडजवळ घोरावडेश्वराच्या पायऱ्या चढलो. शेलारवाडीची ही बौद्ध लेणी आज भग्न आहेत. भिंतीवरील ब्राह्मी लेख मात्र टिकले आहेत. धेनुकाकट येथील शेतकरी उसभणकाची पत्नी सिअगुतणिका हिने पुत्र नंदासह लेणे दान दिले, असे त्यांतील एक सांगतो.

लेकीने अर्थ सांगताच आजी म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखीच की गं!"

पायथ्याच्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नांगरधारी घरातील स्त्रीचे नाव त्या काळी दगडावर कोरले गेले. आमच्या घरातील लेकीचे नाव शाळेच्या हजेरीपटावर प्रथम आले, ते याच पिढीत.