शार्त्रच्या खिडक्यांतले संत

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून गाडीत बसले की तासा-सव्वा तासात शार्त्र येते. गाव दूर असतानाच गव्हाच्या सपाट शेतांपलीकडे कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसू लागतात. एक साधा, दुसरा नक्षीदार. जोडी काही जुळत नाही.

आत पाऊल टाकल्यावर क्षणभर काही सुचत नाही. डोळे अंधाराला सरावले की चहूबाजूंनी रंग उमटतात आणि सगळ्यांवर मात करतो तो निळा. अशा १७० हून अधिक खिडक्या इथे आहेत. ११९४ च्या आगीत जुने चर्च बहुतेक जळाले. ते पुन्हा उभारताना तेराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत यातल्या बहुसंख्य खिडक्या बसल्या. रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी सांधायचे, नाक-डोळे काळ्या रंगाने रेखून भट्टीत भाजायचे, अशी ही कारागिरी.

खिडकी वाचायची ती बहुधा खालून वर. संत युस्टेसचीच पाहा. हा रोमचा सेनापती. शिकारीच्या पाठलागात हरणाच्या शिंगांमध्ये त्याला क्रूस दिसतो आणि तो ख्रिस्ती होतो. मग सुरू होते परवड. वैभव जाते, गलबताचा मालक बायकोला ठेवून घेतो, नदी ओलांडताना एका मुलाला सिंह नेतो, दुसऱ्याला लांडगा. आपल्याकडच्या वाचकाला हरिश्चंद्र-तारामती आठवल्यावाचून राहणार नाही. पुढे सगळ्यांची भेट होते खरी, पण शेवट गोड नाही. मूर्तिपूजेला नकार दिला म्हणून सम्राट त्या चौघांना पितळी बैलात घालून जाळतो.

शेजारीच संत ल्युबँ आहे. हा तर गावचाच, मेंढपाळाचा बिशप झालेला. या खिडकीत दारूची पिंपे वाहणारी गाडी आणि गुत्तासुद्धा आहे! दारूविक्यांचा धंदा संतांच्या पंगतीला बसलेला पाहून गंमत वाटते. इतर खिडक्यांत चांभार, सुतार, पाववाले, कातडीवाले आपापल्या कामात गढलेले दिसतात.

या काचा आज दिसतात हेही नवलच. १९३९ साली युद्धाची चाहूल लागताच त्या उतरवून पेट्यांत भरल्या गेल्या आणि पुढे दूर दक्षिणेकडे लपवल्या गेल्या. पण चौकटीच उरल्या नसत्या तर काचा बसवायच्या कुठे? ऑगस्ट १९४४ मध्ये ती वेळ जवळ आली होती. मनोऱ्यात जर्मन दडले असल्याच्या संशयावरून अमेरिकन तोफा चर्चवर वळणार होत्या. कर्नल वेलबोर्न ग्रिफिथ या अधिकाऱ्याने स्वतः आत जाऊन शोध घेतला. मनोऱ्यात कोणीच नव्हते. हुकूम मागे घेतला गेला. त्याच दिवशी, १६ ऑगस्टला, जवळच्या लेव्ह गावात ग्रिफिथ मारला गेला.

अलीकडे भिंती घासून उजळल्या आहेत. जुना काळोखच बरा होता, अशी कुरकुर करणारेही बरेच आहेत. जाताना साधी दुर्बीण जवळ असू द्यावी. खालच्या ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात; वर त्या बैलापर्यंत पोचायचे तर ती हवीच.